वेशीवरचा व्यवहार

राहते घर किंवा वडिलार्जित वाडी विकण्याची वेळ कुटुंबावर आली, की पहिला प्रश्न किमतीचा असतो. दुसरा लगेच त्याच्या पाठोपाठ येतो : हा व्यवहार आपला आपण करावा, की एखाद्या दलालाच्या हाती सोपवावा? स्वतः केल्यास दलाली वाचते, दलाल घेतल्यास गिऱ्हाईक लवकर मिळते. बहुधा चर्चा एवढ्यावरच थांबते. मात्र हा प्रश्न आजचा नव्हे. माणूस जमिनीला ‘माझी’ म्हणू लागला, तेव्हापासूनच ती दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी, कोणाच्या साक्षीने द्यावी आणि मध्ये कोणी असावे की नसावे, याचा विचार तो करीत आला आहे. धर्मशास्त्रात, रोमन कायद्यात आणि आपल्या वसईच्या मातीतही त्या विचाराच्या खुणा आहेत. त्या एकदा सलग पाहिल्या, तर आजच्या निर्णयाला काही आधार मिळेल, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

हेब्रोनची वेस

पवित्र शास्त्रात जमीनखरेदीचा पहिला सविस्तर वृत्तान्त उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात येतो. सारा मरण पावली आहे आणि अब्राहामाला तिच्यासाठी कबरेची जागा हवी आहे. तो त्या देशात उपरा आहे. जमीन इफ्रोन नावाच्या हित्ती गृहस्थाची. पण अब्राहाम थेट त्याच्या दारी जात नाही. तो गावकऱ्यांसमोर उभा राहतो, त्यांना लवून नमस्कार करतो आणि आपल्यासाठी इफ्रोनाकडे शब्द टाकण्याची त्यांना विनंती करतो. मध्यस्थ आहेत, मात्र ते मोबदला घेणारे नाहीत. पुढे बोलणी होतात ती नगराच्या वेशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांच्या कानांवर पडतील अशी. इफ्रोन आधी जमीन फुकट देऊ करतो आणि मग बोलता बोलता चारशे शेकेल चांदीचा आकडा उच्चारतो. अब्राहाम घासाघीस करीत नाही. व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने चांदी तोलून देतो. शास्त्रलेखक शेवटी शेत, गुहा आणि चहूकडच्या सीमेतली झाडे यांचा नीट उल्लेख करतो. आपल्या खरेदीखतातील चतुःसीमेचे हे फार जुने रूप म्हणता येईल.

रूथच्या पुस्तकात बवाज वेशीवर बसून दहा वडीलधाऱ्यांना बोलावून घेतो आणि अधिक जवळच्या नातलगाला त्याचा पहिला हक्क विचारतो. तो नातलग नकार देतो आणि पायातील जोडा काढून देऊन व्यवहार पक्का होतो. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायातील व्यवहार तर नात्यातलाच आहे. चुलतभाऊ हनामेल स्वतः चालून येतो आणि अनाथोथ येथील शेत विकत घेण्याविषयी विचारतो. यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलेला आहे, संदेष्टा कैदेत आहे, बाजारभावाला काही अर्थ उरलेला नाही. तरीही यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, दस्तऐवज लिहून त्यावर सही-शिक्का करतो, साक्षीदार घेतो आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात ठेवण्यास बारूखला सांगतो. भावाभावांचा व्यवहार आहे म्हणून लेखी कागद वगळलेला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या तीन प्रसंगांत पगारी दलाल कोठेच नाही. पण त्यावरून शास्त्र दलालाच्या विरुद्ध आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दलाल जे काम करतो, ते येथे समाज करीत होता. खरेदीदार कोण आहे हे वेशीवरच्या सर्वांना ठाऊक होते, किंमत सर्वांनी ऐकली होती आणि उद्या कोणी फिरला तर सांगायला दहा माणसे होती. वेस हीच मध्यस्थ होती.

सिराकूजचे मासे

पुढे नगरे मोठी झाली आणि माणसे परस्परांस अनोळखी झाली, तेव्हा काय झाले, हे रोमच्या इतिहासात दिसते. किकेरोने, ज्याला आपण सिसेरो म्हणतो, इ.स.पूर्व ४४ साली कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या खंडात घरविक्रीच्या दोन गोष्टी आहेत. सेमिनरीत लॅटिनच्या तासाला त्या आम्हां विद्यार्थ्यांना करमणुकीच्या वाटत. त्यांचा खरा अर्थ धर्मग्रामात आल्यावर उमगतो.

पहिली गोष्ट कॅनियस नावाच्या रोमन सरदाराची. सिराकूज येथे विश्रांतीसाठी आला असता त्याला समुद्रकाठी एखादी बाग घ्यावीशी वाटली. पिथियस नावाच्या सराफाच्या कानी ही गोष्ट गेली. आपली बाग विक्रीस नाही, पण आपलीच समजून वापरा, असे सांगून त्याने कॅनियसला जेवायला बोलावले. इकडे कोळ्यांना बोलावून दुसऱ्या दिवशी आपल्या बागेसमोरच मासे धरण्यास सांगितले. पाहुणा आला तेव्हा समोर होड्यांची गर्दी होती. एकेक कोळी येऊन यजमानाच्या पायांशी मासळी ओतत होता. सगळ्या सिराकूजची मासळी येथेच मिळते, असे पिथियसने सांगितले. भुललेल्या कॅनियसने सामानसुमानासह ती बाग मागितलेल्या किमतीला घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन येतो, तर समुद्रावर एक वल्हेदेखील नाही. आज कोळ्यांचा सण आहे काय, असे त्याने शेजाऱ्याला विचारले. शेजारी म्हणाला, येथे कोणी कधीच मासे धरीत नाही. कालचा प्रकार पाहून मीच चकित झालो होतो.

दुसरी गोष्ट रोममधील. शकुन पाहणाऱ्या पुरोहितांना एका घराची उंची आड येत होती, म्हणून त्यांनी मालक क्लौदियस सेंतुमालस याला तो भाग पाडण्याचा हुकूम केला. त्याने हुकूम लपवून ते घर कल्पुर्नियस नावाच्या माणसाला विकले. नव्या मालकाला तोच हुकूम झाला आणि त्याला बांधकाम पाडावे लागले. खटला न्यायाधीश मार्कस केटोपुढे गेला. विक्रेत्याला दोष ठाऊक होता व त्याने तो सांगितला नाही, तेव्हा नुकसान त्यानेच भरून द्यावे, असा निकाल त्याने दिला.

या दोन्ही गोष्टींत दलाल नाही. मालकाने स्वतः, समोरासमोर केलेला व्यवहार आहे आणि दोन्हींत फसवणूक आहे. मधला माणूस काढून टाकला की व्यवहार आपोआप स्वच्छ होतो, या आजच्या समजुतीला रोमन इतिहास दुजोरा देत नाही.

रोमन कायद्याला मध्यस्थाचीही ओळख होती. सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कायदेसंग्रहाच्या पन्नासाव्या खंडात मध्यस्थांच्या मोबदल्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा कायदेपंडित उल्पियन तेथे हा धंदा निंद्य मानीत नाही. खरेदी-विक्री जुळवून देणाऱ्यास मोबदला मागता येतो, असे तो सांगतो. मात्र मध्यस्थाने कपट केले असेल, तर तो जबाबदार ठरतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच धागा पुढे नेला. धोक्याचा वा नुकसानीचा असा दोष मालात असेल आणि तो उघड दिसत नसेल, तर विक्रेत्याने तो सांगितलाच पाहिजे, असे ते म्हणतात. मग दवंडी देणाऱ्याने चौकात उभे राहून आपल्याच घराचे दोष ओरडून सांगावेत काय? ते उत्तर देतात : तशी गरज नाही, पण जो घ्यायला पुढे येईल, त्या प्रत्येकाला ते सांगावेत. भारतातील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानेही, खरेदीदाराला साध्या दक्षतेने कळणार नाही असा महत्त्वाचा दोष ठाऊक असल्यास तो सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले आहे.

विकण्याजोगी झालेली जमीन

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या काळात गावेच्या गावे पोर्तुगीज सरदारांना व धर्मसंघांना ठरावीक सारा घेऊन दिली जात. त्या साऱ्याला ‘फोरो’ म्हणत. मुंबईतील ‘फोरास’ हा जमीनधाऱ्याचा शब्द त्यातूनच आला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि मराठी अंमल आला. कसणारा तोच राहिला. पण आपला तुकडा वाटेल त्याला विकणारा ‘मालक’ असे त्याचे स्थान या दोन्ही राजवटींत नव्हते.

ते स्थान इंग्रजी अमलात आले. मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले. १८६५ च्या मुंबईच्या सर्वेक्षण कायद्याने आणि पुढे १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने खातेदाराचा हक्क वारसाने जाणारा व हस्तांतर करता येणारा ठरला. याच सुमारास, १८६७ मध्ये, विरारहून मुंबईला रोजची आगगाडी सुरू झाली. जमीन विकता येऊ लागली आणि मुंबईचा पैसा तिच्यापर्यंत पोचू शकेल अशी वाटही तयार झाली. दोन्ही गोष्टी एकाच दशकातल्या आहेत.

विकता येणारी जमीन हिरावूनही घेता येते, हे देशावरच्या शेतकऱ्यांना लवकरच कळले. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत त्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती : शेतकऱ्याचा दस्तऐवज सरकारने नेमलेल्या ग्रामनोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा. निरक्षर माणूस सावकाराने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवतो, तेव्हा त्याला तो कागद समजावून सांगणारा, दोन्ही पक्षांपासून वेगळा असा कोणीतरी हवा, हे सरकारने मान्य केले. हेब्रोनची वेस सरकारी कचेरीत आली, असेच म्हणावे लागेल.

‘दलाल’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच्या मुळाशी वाट दाखविणे हा अर्थ आहे. मराठीत मात्र त्याला तिरस्काराची छटा चढली. वाट दाखविणाऱ्याचे असे का झाले, याचे उत्तर वसईच्या अलीकडच्या इतिहासात सापडते.

वाडी आणि नकाशा

वसईचा शेतकरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जमीन विके, ती बहुधा शेजाऱ्याला किंवा भाऊबंदाला. विहिरीला पाणी किती, बावखल कोणाच्या वाट्याचे, केळीला कोणता कोपरा मानवतो, हे घेणारा आणि देणारा दोघेही सारखेच जाणत. १९४८ च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी असंख्य कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार ठरली. शेतजमीन परवानगीवाचून बिगरशेतकऱ्याला देण्यावरही त्याच कायद्याने बंदी घातली. तोवर विक्रीत मध्यस्थाला फारसे काम नव्हते.

मुंबई विरारच्या दिशेने वाढू लागली, तेव्हा चित्र पालटले. आता घेणारा अनोळखी होता आणि त्याला जे ठाऊक होते, ते विकणाऱ्याला ठाऊक नव्हते. हरित पट्टा कोठे उठणार, रस्ता कोठून जाणार, बांधकामास किती क्षेत्र मिळणार, हे नकाशे एका बाजूच्या हातात होते. शेतकऱ्याच्या हातात सातबारा होता आणि मुलीचे लग्न किंवा आजारपण समोर होते. १९८०च्या दशकाअखेर वसईचा हरित पट्टा बांधकामास खुला करण्याविरुद्ध लोक उठले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. १९९० मध्ये सिडकोकडे येथील नियोजन सोपविले गेले, २००९ मध्ये महानगरपालिका झाली. त्या लढ्यात पाणी आणि झाडे यांच्याइतकाच हाही प्रश्न होता, की आपल्या जमिनीविषयीचे ज्ञान आपल्या आधी दुसऱ्याला का असावे?

याच फटीत दलाल शिरला. तो गावचाच होता, आपली बोली बोलणारा, सणाला घरी येणारा. म्हणून लोकांनी त्याला आपला माणूस मानले. पण पुष्कळदा त्याचा मोबदला समोरची बाजू ठरवीत असे. काहींनी जमीनमालकाकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घेतले आणि विक्री पुढे परस्पर केली. विक्रीकरार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र एवढ्यांच्या बळावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प खटल्यात निक्षून सांगितले. त्याआधी कित्येक व्यवहार तशाच कागदांवर होऊन गेले होते.

तरीही याच काळाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ज्यांनी ‘दलालाला कशाला पैसे द्यायचे’ म्हणून स्वतःच व्यवहार केला, त्यांतील कित्येकांनी दलाली वाचविली आणि जमीन निम्म्या भावात घालविली. शेकडा एक वा दोन टक्के दलाली डोळ्यांना दिसते. न कळलेल्या बाजारभावाचे नुकसान दिसत नाही. एक कोटीच्या घरावर दोन टक्के म्हणजे दोन लाख. तेच घर अज्ञानाने नव्वद लाखांस गेले, तर दोन लाख वाचवून दहा लाख गेले. उलट, भाव ठाऊक आहे, कागद स्वच्छ आहेत आणि घेणारा शेजारीच आहे, तेथे दलालाला दोन लाख देण्याचे कारण उरत नाही.

कोणाचा माणूस?

इतिहासाने आपल्याला येथवर आणले, की दलाल असावा की नसावा या प्रश्नाच्या आधी दोन प्रश्न विचारावे लागतात : ज्ञान कोणाकडे आहे? आणि हा माणूस कोणाशी बांधलेला आहे? १८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. जो आपला प्रतिनिधी, त्याने आपल्या सूचनेप्रमाणे वागावे, मागितल्यास हिशेब द्यावा आणि आपल्या संमतीवाचून स्वतःच्या लाभासाठी त्याच व्यवहारात शिरू नये. शिरल्यास तो लाभ मागण्याचा हक्क मालकाला आहे. पण त्यासाठी तो आपला प्रतिनिधी आहे, हे आधी कागदावर ठरायला हवे. दोन्हीकडून दलाली घेणारा कोणाचाच प्रतिनिधी नसतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्री जुळविणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात हे प्राधिकरण २०१७ पासून काम करू लागले आणि २०२३ मध्ये त्याने दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षेची अट आणली. जुने घर किंवा वाडी विकताना मात्र या कायद्याचे छत्र आपल्यावर असेलच असे नाही. तेथे आपली सावधगिरी हीच आपली नोंदणी.

ख्रिस्तसभा स्वतःची मालमत्ता विकते तेव्हा कोणता नियम पाळते, हे पाहणे उद्बोधक आहे. १९८३ च्या धर्मसंहितेत १२९१ ते १२९८ ही कलमे या विषयाची आहेत. ठरावीक मर्यादेपलीकडच्या विक्रीस न्याय्य कारण हवे, तज्ज्ञांनी लेखी मूल्यांकन करावे, सामान्यतः त्या मूल्यांकनापेक्षा कमी किमतीला विकू नये, आलेला पैसा विक्रीच्या हेतूसाठीच विवेकाने खर्चावा किंवा जपून गुंतवावा, आणि क्षुल्लक वस्तू सोडल्यास कारभाऱ्याला किंवा त्याच्या जवळच्या नातलगांना खास लेखी परवानगीवाचून ती विकू नये. या नियमांत दलालाला बंदी नाही आणि त्याची शिफारसही नाही. कारण, किंमत, हिशेब आणि स्वार्थापासून अंतर या चार गोष्टींवर भर आहे. एका कुटुंबालाही हे चार नियम पुरेसे आहेत.

शिवाय आणखी एक गोष्ट कोणत्याही दलालाला करता येत नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती आईबापांच्या मालमत्तेत मुलगे आणि मुली यांचा हिस्सा समान असतो. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे पत्नीच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही. आपल्याकडे मात्र लग्न होऊन गेलेल्या बहिणीला पुष्कळदा शेवटच्या दिवशी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतच हक्कसोडपत्र दाखविले जाते. दलाल म्हणतो, एवढी सही झाली की काम झाले. कागदाच्या दृष्टीने ते खरे असेल. पण बहिणीला आधी विचारायचे होते, आणि तो निरोप भावानेच न्यायचा होता. बवाजाने नातलगाला विचारले ते वेशीवर, सर्वांदेखत आणि व्यवहाराच्या आधी.

आणि शेवटी किमतीचे सत्य. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाने शेत विकून आलेले सर्व द्रव्य प्रेषितांच्या पायांशी ठेवल्याचे वाचतो. लगेच पुढे हनन्या आणि सप्पीरा यांची कथा येते. पेत्राने हनन्याला सांगितले ते असे, की जमीन तुझी होती आणि विकल्यावर पैसाही तुझाच होता. त्याला सर्व द्यायची सक्ती नव्हती. त्याने आकडा खोटा सांगितला, हा त्याचा अपराध. पेत्राने सप्पीरेलाही नेमका आकडाच विचारला. आज कागदावर एक किंमत आणि रोखीत दुसरी, ही पद्धत इतकी रूढ झाली आहे, की तिला कोणी खोटे म्हणतच नाही. स्वतः विकणारेही ती पाळतात आणि दलालही. या बाबतीत दोघांत काही फरक नाही.

तेव्हा ज्या कुटुंबावर घर विकण्याची वेळ आली आहे, त्याने आधी एका संध्याकाळी सर्व भावंडांनी एकत्र बसावे, बहिणींनाही बोलवावे. का विकतो आणि पैशाचे काय करणार, हे मोकळेपणी बोलावे. शेजारच्या दोन-चार विक्रीखतांची माहिती काढावी, सातबारा किंवा मिळकतपत्रिका वकिलाकडून तपासून घ्यावी, किंमत जाणकाराकडून लेखी घ्यावी. एवढे झाल्यावर गिऱ्हाईक ओळखीचे असेल, तर स्वतः व्यवहार करण्यास हरकत नाही. नसेल, तर दलाल अवश्य घ्यावा, त्याचा मोबदला लिहून ठरवावा आणि काम झाल्यावर तो आनंदाने द्यावा. कष्ट करणाऱ्याची मजुरी ही त्याच्या हक्काची आहे. सही करण्यापूर्वी मात्र तो कागद घरातल्या कोणीतरी मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. आपल्या गावांना आता वेस उरलेली नाही. निदान घराच्या ओटीवर तरी ती काही काळ उभी राहील.